लिव्हियावरचा विषप्रयोगाचा आरोप आता तरी मागे घ्या

रेवाकाठ
रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याची राणी लिव्हिया. तिचं नाव काढलं की लोकांना आधी विष आठवतं, याचा मला मनापासून राग येतो. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस नोला इथे वारला. तो स्वतःच्या हाताने अंजिरं तोडून खायचा, म्हणून हिने झाडावरच्याच फळांना विष फासलं आणि स्वतः मात्र चांगली तेवढी खाल्ली, अशी कथा आहे. ती सांगणारा रोमन इतिहासकार कॅसियस डिओ तब्बल दोनशे वर्षांनंतरचा, आणि तोही ऐकीव म्हणूनच सांगतो. मेला तेव्हा ऑगस्टस ७५ वर्षांचा होता!

ऑगस्टसच्या वारसांचे मृत्यूही हिच्याच माथी. त्याचा भाचा मार्सेलस इ.स.पू. २३ मध्ये गेला, तेव्हा रोममध्ये साथ चालू होती. नातू लुसियस गेला फ्रान्समधल्या आजच्या मार्सेमध्ये. दुसरा नातू गायस आर्मेनियातल्या वेढ्यात जखमी झाला आणि परतीच्या वाटेवर लिसियात (आजच्या तुर्कस्तानात) वारला. घरात बसून हिने हे सगळं कसं केलं?

जुनापुराणा
असहमत. माणसं पाठवता येतात. आणि या सगळ्या मृत्यूंनंतर गादीवर कोण बसलं? तिबेरियस, म्हणजे हिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा. या मृत्यूंमागे हिचा हात असेल, असं इतिहासकार टॅसिटसही सुचवतो. तो स्वतः सेनेटर होता, तो काही चावडीवरच्या गप्पा लिहीत नव्हता.

रेवाकाठ
फायदा झाला म्हणून खून केला, असं कुठे असतं का? तिबेरियसला ऑगस्टसने इ.स. ४ मध्येच दत्तक घेतलं होतं. गादी ठरलेली असताना म्हाताऱ्या नवऱ्याला विष कशाला घालायचं?

शिलालेख_वेडी
विषाचं राहू द्या, प्लांसिनाचं बोला. तिबेरियसचा पुतण्या जर्मानिकस याच्या मृत्यूनंतर सिरियाचा सुभेदार पिसो आणि त्याची बायको प्लांसिना यांच्यावर खटला चालला. पिसोने जीव दिला, प्लांसिना सुटली. इ.स. २० चा सेनेटचा तो ठराव ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेला स्पेनमध्ये सापडलाय. लिव्हियाने रदबदली केली म्हणून शिक्षा माफ, असं त्यात सरळ लिहिलंय. हातात कुठलंही पद नसताना! याला आपल्याकडे वशिला म्हणतात.

रेवाकाठ
ताई, तोच ठराव पुढे वाचा. तिने सर्व थरांतल्या लोकांवर उपकार केले आणि आपलं वजन फार जपून वापरलं, असंही सेनेट म्हणते. कित्येकांची मुलं तिने वाढवली, मुलींच्या हुंड्याला हातभार लावला, हे डिओही सांगतो. इ.स. २९ मध्ये ती गेली तेव्हा पोटचा मुलगा अंत्यविधीला फिरकला नाही, तिला देवत्व द्यायलाही त्याने नकार दिला. ते मिळालं ४२ साली, नातू क्लॉडियसच्या काळात.

शिलालेख_वेडी
राज्यकर्त्याच्या आईबद्दल सेनेट दुसरं काय लिहिणार होती? आणि उपकार करून माणसं बांधून ठेवली की वशिला आपोआप चालतो.

जुनापुराणा
पोस्टुमसला सगळे विसरले वाटतं. ऑगस्टसचा सख्खा नातू, प्लानासिया बेटावर हद्दपार. आजोबा गेल्याबरोबर पहाऱ्यावरच्यांनी त्याला कापला. मी हुकूम दिलाच नव्हता, असं तिबेरियस म्हणाला. टॅसिटस लिहितो की घरातली गुपितं बाहेर फुटू देऊ नका, असा सल्ला एका दरबाऱ्याने थेट लिव्हियाला दिला. चौकशी झालीच नाही. रेवाकाठ, यावर तुमचं म्हणणं काय?