स्थिर म्हणजे निर्जीव नव्हे

गेम ऑफ लाइफ हा चौकोनी घरांच्या जाळीवरचा खेळ: प्रत्येक घर म्हणजे जिवंत पेशी किंवा रिकामी जागा, आणि ठरलेल्या नियमाने ते पिढीगणिक बदलतं. काहींचं म्हणणं असं की यात आकृती एकदा स्थिर झाली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली, की तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

हा खेळ रचणाऱ्या गणितज्ञ जॉन कॉनवेचा 1970 चा नियम असा: जिवंत पेशी भोवतालच्या 8 घरांतल्या 2 किंवा 3 जिवंत शेजाऱ्यांवर टिकते, रिकाम्या जागी नेमके 3 शेजारी असले तरच जन्म. चार पेशींच्या चौकोनात प्रत्येकीला 3 शेजारी मिळतात, तर भोवतालच्या कुठल्याच रिकाम्या घराला 2 हून जास्त मिळत नाहीत. त्यातली एक पेशी पुसून बघा, पुढच्याच पिढीत ती परत येते! दोन रिकाम्या घरांभोवती सहा पेशींचं कडं असलेल्या ‘बीहाइव्ह’ या आकृतीत कारण उलटं आहे. आतली दोन घरं रिकामी राहतात ती गर्दीमुळे, कारण प्रत्येकाला 5 शेजारी आहेत.

आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे ईटर. फक्त 7 पेशी, एरवी अगदी निश्चल. पण योग्य दिशेने ग्लायडर (जाळीवर तिरकी सरकत जाणारी पाच पेशींची आकृती) येऊन धडकला की तो क्षणभर मोडतो, ग्लायडर नाहीसा होतो आणि हा 4 पिढ्यांत जसाच्या तसा उभा. नको असलेले ग्लायडर असे गिळता येतात, म्हणूनच या खेळात ग्लायडर संकेतांसारखे वापरून लॉजिक सर्किटं बांधताना ईटर जागोजागी लावतात.