जेसॅलेन्को ठीक, पण जेरेमी हाव?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये उंच उडी घेऊन सगळ्यात भारी मार्क (लाथेने मारलेला चेंडू हवेतच झेलणं) कोणाचा, असा वाद इथे चाललाय. वर एकाने लिहिलंय की १९७० च्या अंतिम सामन्यात कार्लटन संघाच्या ॲलेक्स जेसॅलेन्कोने कॉलिंगवुडच्या जेंकिनच्या खांद्यावर चढून घेतलेल्या मार्कनंतर हा वादच संपतो. मला नाही पटत. तो झेल अजरामर आहेच. वर्षातल्या सर्वोत्तम मार्कचं पदकही त्याच्याच नावाने देतात. पण एक झेल वेगळा आणि कारकीर्दभर उंच उडणं वेगळं.

माझं मत जेरेमी हावला. आधी मेलबर्न, मग कॉलिंगवुड, दोन्हीकडे तो समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून असा वर जायचा की जणू शिडीच लावली आहे. २०१२ चं पदक त्याला मिळालं. २०१७ मध्ये क्वीन्स बर्थडेच्या (राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या) सामन्यात त्याने त्याहून भारी मार्क घेतला, तर पदक गेलं एसेंडनच्या जो डॅनिहरला! परीक्षकांना काय दिसलं देव जाणे.

आणि नुसती उंचीच का मोजायची? २००४ मध्ये सिडनीविरुद्ध निक रीवोल्ट चेंडूवर नजर ठेवून, समोरून कोण येतंय न बघता, गर्दीत धावत घुसला होता. उडी फार नव्हती, पण छाती लागते त्याला. सिडनीच्या लिओ बॅरीचा २००५ च्या अंतिम सामन्यातला झेलही याच जातीचा, अगदी शेवटच्या क्षणी, सिडनी फक्त ४ गुणांनी पुढे असताना.