मदत हवी आहे: टाटा ४०७ चा वॉटर पंप घरच्या अंगणात बदलायचा आहे (घणसोली, नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

इथे टेम्पो-ट्रकवाले आणि जुने मिस्त्री बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गाडी टाटा ४०७, २०११ ची, एमएच-४३ पासिंग, चार सिलिंडरचं ४९७ इंजिन. गाडी वडिलांच्या नावावर आहे, चालवतो मी. सध्या हापूसचा हंगाम आहे. तुर्भ्याच्या फळबाजारातून पेट्या भरायच्या आणि ठाणे-घोडबंदरमार्गे वसई-विरारला उतरवायच्या, हे सध्याचं काम. अशा दिवसांत गाडी उभी ठेवणं परवडत नाही, आणि आहे त्या अवस्थेत दुसऱ्याचा आंबा भरून निघायला मन तयार होत नाही. घाटात गाडी बंद पडली तर उन्हात आंबा पार शिजून जाईल आणि व्यापारी पुन्हा माल देणार नाही.

त्रास असा आहे: ठाणे-बेलापूर रोडला सलग चालताना तापमानाचा काटा मध्यावर असतो. गायमुखच्या चढाला ट्रॅफिकमध्ये अडकलो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागलो, की काटा लालकडे सरकतो. शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होतंय, पण गाडी उभी करतो तिथे खाली फारसं काही सांडलेलं दिसत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन खाली शिरलो. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या पुलीमागे, बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून खालपर्यंत हिरवट-पांढरी खपली धरली आहे आणि तिच्या टोकाला एक थेंब लटकलेला होता. चालत्या गाडीत हे पाणी गरम लोखंडावरच सुकत असणार, म्हणून जमिनीवर डाग नाही. बेल्ट सैल करून पुली दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवली तर स्पष्ट खेळ लागतो, आणि फिरवली तर आत वाळू अडकल्यासारखी खरखर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ते भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं, हा त्याचा उद्देश. काही जण गळती थांबवायला त्यात एमसील भरतात. कृपा करून तसं करू नका. पाणी मग सरळ बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, शाफ्ट हेलकावायला लागतो आणि आतली पाती बॉडीला घासतात.

इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग (हेड पॅकिंग) जाऊन पाणी आत जातंय का, ही शंकाही तपासली. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नाही. थंड इंजिनला रेडिएटरची कॅप काढून गाडी चालू केली, आत सतत बुडबुडे येत नाहीत. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. तरीही एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्या उघडल्या ‘हेड उतरवावं लागेल’ म्हणाले, पंपाला हातही न लावता. दुसरीकडे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा सल्ला मिळाला. हा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात, पण मला तो पटत नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता उघडाच राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं. पंप उतरवलाच आहे तर थर्मोस्टॅटही बाहेर काढीन, पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवीन आणि त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास उघडतो का बघीन. नाही उघडला तर नवीन घालीन.

काम घरी करायचं कारण पैसा आहेच, पण तेवढंच नाही. हंगामात चांगल्या मिस्त्रीकडे रांग असते आणि घाईत केलेलं पॅकिंग पुन्हा गळतं. आमचं घर गावठाणात आहे, पुढे सपाट कोबा आहे, गाडी रस्त्यावर उभी करावी लागत नाही. भाऊ मदतीला आहे. रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट, चाकांना लावायला लाकडी ठोकळे आहेत, टॉर्क पाना मित्राकडून मिळेल. बॅटरीची वायर आधी काढणार.

आता अडतंय तिथे तुमची मदत हवी.

सगळ्यात मोठा प्रश्न जागेचा. पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये हात जेमतेम जातो. या गाडीत फक्त पंखा आणि श्राउड (पंख्याभोवतीचं कवच) काढून पंप बाहेर येतो का, की रेडिएटर उतरवलेलाच बरा? रेडिएटर काढायला मी तयार आहे, कारण पान्याचा एक फटका जाळीला बसला तर नवीनच खर्च. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

दुसरा प्रश्न सामानाचा. दुकानदार दोन गोष्टी सांगतो: पूर्ण असेंब्ली घ्या, किंवा फक्त किट घ्या, म्हणजे शाफ्ट-बेअरिंग, सील, इम्पेलर (पाणी ढकलणारी पाती), आणि लेथवाल्याकडून जुन्या बॉडीत प्रेस मारून घ्या. किट स्वस्त पडतं हे खरं. पण इम्पेलर आणि बॉडीमधलं अंतर अचूक बसलं नाही तर एक तर घासणार, नाही तर पाणी नीट ढकलणार नाही. माझा कल असेंब्लीकडे आहे. कळंबोलीत ट्रक टर्मिनलजवळ चांगलं मिळतं की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जावं? चेसिस नंबर सोबत नेणार आहे, कारण वर्षाप्रमाणे पंप बदलतो म्हणे. जुना पंप शेजारी ठेवून भोकं जुळवल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, एवढं ठरवलंय.

तिसरं, गंजलेले बोल्ट. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवीन. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्या त्या जागी खोचून ठेवणार. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर आत टेकतो, पंप आवळला जात नाही, किंवा आटा जातो. पण बोल्ट डोक्यातून तुटलाच तर ब्लॉकमधून काढायला घरच्या घरी काय करता? आणि घट्ट करताना किती टॉर्क द्यायचा? समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं, हे माहीत आहे.

पॅकिंग कोरडं बसवायचं की दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा पातळ हात? जुने लोक शेलॅक लावायचे. जास्त सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं, याची मला भीती आहे.

शेवटी, पाणी भरताना आत अडकलेली हवा काढणं. आमच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, प्यायला उत्तम, पण कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच वापरणार, अर्धं-अर्धं. कॅप उघडी ठेवून गाडी चालू करायची, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचं, पातळी उतरली की भरत जायचं, ही पद्धत बरोबर ना? या इंजिनाला हवा सोडायचा वेगळा स्क्रू आहे का?

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. हळू चालतानाच तापते म्हणजे हवा कमी पडते आहे, हा मुद्दा एकदम पटला. संध्याकाळी पाहिलं तर रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि आंब्याच्या पेट्यांतला पेंढा पुढून गच्च बसला आहे. इंजिनच्या बाजूने पुढे, कमी दाबाने पाणी मारून धुणार. बेल्टही जुना आहे, तो बदलतोच. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी जाईल इतका ताण ठेवीन. तरी पंपातला खेळ आणि गळती समोर दिसते आहे, त्यामुळे पंप बदलणं टळत नाही.

ज्या दादांनी जुनं कूलंट गटारात सोडून दे म्हटलं, त्यांना विनंती: तसं नको. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. आमच्या गल्लीत कुत्री आहेत, लहान मुलंही खेळतात. टबमध्ये धरून झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवणार आहे. ठाणे-नवी मुंबईत असं कूलंट घेणारं कोणी असेल तर कळवा.

आणि गरम गाडीची कॅप फडकं धरून उघडता येते असं ज्यांनी लिहिलंय, त्यांनीही ऐका. आत दाब असतो म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप फिरवली की दाब जातो आणि ते एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा.

रेडिएटर काढावा लागतो की नाही, आणि असेंब्ली की किट, या दोन गोष्टी आधी सांगा, म्हणजे सामान एका फेरीत आणता येईल. बाकीचं काम सुरू झाल्यावर फोटो टाकून विचारतो.