दोनदा बिघडला म्हणून कंपनी बदलायची?

जळगावकर: काल इथे कुणीतरी ठासून लिहिलं, "दोन वर्षांत लॅपटॉप बिघडला की कंपनी बदला, विषय संपला." वाचून राहवलं नाही. मी हे करून बसलोय. पहिल्या लॅपटॉपचा हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी, चौदा महिन्यांत उखडला. प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट स्क्रूसकट बाहेर आले. चिडून कंपनी बदलली. दुसऱ्याचा मदरबोर्ड तिसऱ्या मे महिन्यात गेला. कारागिराने उघडून दाखवला तर पंख्यात कापसाच्या तंतूंची गादी. घराशेजारी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना आहे. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. शिवाय क्वांटा, कॉम्पालसारखे तैवानी कारखाने अनेक कंपन्यांचे लॅपटॉप बनवतात. वरचं नाव बदलून काय बदलणार?

भुसावळवाला: साफ चूक. कारखाना एक असला तरी माल कंपनीच्या सांगण्यावरून आणि तिने ठरवलेल्या खर्चात बनतो. आणि बिघडल्यावर कोण येतं, हे कंपनीच ठरवते ना? माझ्या जुन्या कंपनीचं सेंटर नाशिकला. एका कीबोर्डसाठी तीन फेऱ्या झाल्या, पोरीची परीक्षा तोंडावर असताना. कंपनी बदलली, आता इंजिनिअर घरी येतो. पाच वर्षं झाली. तुमचा तैवान तुम्हालाच लखलाभ.

चोपडेकर: दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. घरात अर्थिंग आहे का? चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात ना? उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण घालतं? त्यात इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लाट न देणारा, तोही स्वस्तातला.

धुळेकर: अर्थिंगचा काय संबंध? ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट सगळं झेलतो. आमच्या घरी वीस वर्षं तिसरी पिन रिकामी आहे, काही झालं नाही.

चोपडेकर: १००-२४० म्हणजे व्होल्टेज कमीजास्त झालं तर. बॉडीवर येणाऱ्या गळती करंटला जमिनीत जायला वाट नको का? ओल्या हाताने चार्जर काढताना माझ्या आईला झटका बसलाय. "काही झालं नाही" हे मला सांगू नका.

धुळेकर: आईंचं ऐकून वाईट वाटलं, पण त्यावरून आम्हाला अडाणी ठरवू नका. मीही वायरिंगची कामं केलीत.

चोपडेकर: मग मीटर लावा. बॉडी ते जमीन, चार्जर चालू ठेवून.

धुळेकर: लावला. ९० व्होल्ट दाखवतोय. करंट नगण्य असेल, तरी आकडा आहे हे कबूल. उद्या वायरमन बोलावतो. लॅपटॉप त्यानेच जातो, हे मात्र अजूनही मानत नाही.

भुसावळवाला: झालं तुमचं? जळगावकर भाऊ, दोन्ही लॅपटॉप केवढ्याचे घेतले होते ते सांगा.

जळगावकर: पस्तीस हजारांच्या आतले. दोन्ही वेळा सेलमधले.

भुसावळवाला: तिथेच घोडं अडलं. त्याच कंपन्यांची ऑफिसवाली मालिका वेगळी असते. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक उघडून पाहा, हिंज कुठे बसवलाय ते कळेल.

जळगावकर: म्हणजे एकाच कंपनीत बरा आणि वाईट दोन्ही माल असतो, मीही तेच म्हणत होतो. पण नाशिकच्या फेऱ्यांचं तुमचं बरोबर. तो हिशेब मी धरलाच नव्हता. दुसऱ्या वेळी माझे अकरा दिवस गेले आणि एक काम हातचं गेलं.

भुसावळवाला: आता कळलं. ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी घ्या, आणि पैसे भरण्याआधी आपला पिनकोड टाकून बघा. यावल, रावेरच्या कितीतरी गावांना "ऑनसाइट" म्हणून विकतात आणि नंतर "सेंटरला आणा" म्हणतात.

चोपडेकर: आणि अर्थिंग?

जळगावकर: करतो हो भाऊ. खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी याच रविवारी. लॅपटॉप मात्र ऑफिसवाल्या मालिकेतला, ज्याचा इंजिनिअर आमच्या गल्लीपर्यंत येतो असा. मग तो जुन्याच कंपनीचा निघाला तरी घेईन.

भुसावळवाला: जुन्याच? मला ते पटत नाही. पण पिनकोड आधी टाका.