ट्रॅकर पाठवतोय पण नकाशावर दिसत नाही, काय बघू?

लहरी७३: एपीआरएस (हौशी रेडिओवरून आपली जागा कळवायची पद्धत) ट्रॅकर गाडीत बसवलाय, शेजारच्या हँडसेटवर पॅकेट (एका वेळचा संदेश) नीट डीकोड होतंय पण इंटरनेटच्या नकाशावर कधी दिसतं कधी तासभर गायब. आयगेट (रेडिओवरचं पॅकेट ऐकून इंटरनेटवर चढवणारं स्टेशन) जवळच आहे म्हणे. पाथ (पॅकेट वाटेतल्या रिपीटरांनी किती पुढे पाठवायचं ती सेटिंग) वाइड१-१, वाइड२-१ ठेवलाय.

अँटेनावाला: पाथ बरोबर आहे, त्याला हात लावू नका. आधी ऑडिओ लेव्हल कमी करून बघा. १२०० बॉडच्या (पाठवायचा वेग) पॅकेटमध्ये चूक दुरुस्त करायची सोयच नाही, एक बिट बिघडला की चेकसम (पॅकेट धड आलं का ते तपासणारा आकडा) जुळत नाही आणि आयगेट अख्खं पॅकेट टाकून देतं. शेजारच्या सेटला जोरदार सिग्नल मिळतो म्हणून तो डीकोड करतो, लांबच्याला डेव्हिएशन (ऑडिओमुळे फ्रिक्वेन्सी किती हलते ते) जास्त झालेलं चालत नाही. बहुतेक वेळा गडबड इथेच असते बघा.

बिनतारी: आणि नकाशावर रॉ पॅकेट (पॅकेटचा जसाच्या तसा मजकूर) उघडून बघा, पाथमध्ये क्यूएआर किंवा क्यूएओ दिसेल, त्याच्या पुढचं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) म्हणजे ज्याने तुमचं पॅकेट नेटवर चढवलं तो आयगेट. तीच पोझिशन दोघातिघांनी ऐकली तरी सर्व्हर पहिलीच ठेवतो, म्हणून जवळच्याचं नाव दिसलं नाही तर तो बंदच आहे असं समजू नका. पाथमध्ये नोगेट किंवा आरएफओन्ली नाही ना तेवढं तपासा, ते असलं तर आयगेट मुद्दाम सोडून देतं.

लहरी७३: लेव्हल कमी केली, आता सलग येतंय! रॉ पॅकेटमध्ये दोन वेगळे आयगेट दिसले, लांबचाही ऐकतोय. मनापासून आभार दोघांचे.