मंगळवार बाजारात डॉक्टर हूची ४५ची (मिनिटाला ४५ फेरे) रेकॉर्ड मिळतेय, घेऊ का?

पेठेतलं_पोरगं:
मंडळी सल्ला पाहिजे. मंगळवार बाजारात एका काकांकडं जुन्या हिंदी रेकॉर्डच्या ढिगात डॉक्टर हू या बीबीसीच्या विज्ञानकथा टीव्ही मालिकेच्या टायटल म्युझिकची छोटी रेकॉर्ड दिसली, लेबलवर बीबीसी रेकॉर्ड्स, नंबर आर ई एस एल ११. काका म्हणतात ओरिजिनल १९६३ची हाय, बाराशेच्या खाली नाही. बारीक ओरखडे आहेत पण नख अडकत नाही. घेऊ का? सोलापुरात ही आली कुठून काय की.

सुई_घासली:
६३ची कुठली बे! मालिका सुरू झाली नोव्हेंबर १९६३ला, पहिली रेकॉर्ड आली १९६४ला आणि ती डेक्का कंपनीची, नंबर एफ ११८३७. तिच्या मागच्या बाजूला ब्रेंडा अँड जॉनीचं प्रेमाचं गाणं, मालिकेशी काडीचा संबंध नाही. तुझी ती १९७३ची, पलटून बघ, मागं पॅडी किंग्सलंडची 'रेग' नावाची धून असेल. काकांना हे सांग आणि निम्म्यावर आण.

रात्रपाळी:
पण १९७३ची म्हणून नाक मुरडू नका, त्यात पण बीबीसीतल्या डेलिया डर्बीशायर बाईंचंच काम वाजतं. चाल रॉन ग्रेनरची, पण बाईंनी सिंथेसायझर नसताना ऑसिलेटरचे (विजेवर सूर काढणारं यंत्र) आवाज आणि छेडलेल्या तारेचा आवाज टेपवर घेतले, वेग कमीजास्त करून सूर लावले आणि मग टेप कापून-चिकटवून एकेक सूर जोडला, म्हणजे ते 'डुम-डुम' कोणी बसून वाजवलेलंच नाही. ग्रेनर स्वतः म्हणत होते निम्मी रॉयल्टी बाईंना द्या, बीबीसीच्या नियमात बसेना. बाई २००१ला गेल्या, मालिकेत पडद्यावर नाव आलं २०१३ला, ५० वर्षांच्या खास भागात. राग येतो राव. १९८०ला पीटर हॉवेलनी सिंथवर नवं केलं, ती आर ई एस एल ८०. मला ती गुळगुळीत वाटते.

चादरवाले_काका:
बाळा, ओरखड्याचं सोड, वाक बघ आधी. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली रेकॉर्ड ठेवली की पापड होतो. डोळ्यासमोर आडवी धर, कडा वरखाली दिसली तर ठेवून दे. आणि घरच्या जुन्या प्लेयरची सुई ७८च्या (जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या) बाजूला असेल तर फिरवून घे, नायतर खाचा खरवडून निघतील.

पेठेतलं_पोरगं:
मागं 'रेग'च आहे, फोटोत दिसलं. सहाशे बोलून बघतो पुढच्या मंगळवारी. काका, वाकलेली सरळ होते का काचेखाली दाबून?

चादरवाले_काका:
थोडीफार होते. पण उन्हात ठेवून करू नको, खाचा बसल्या की संपलं.