लिनक्ससाठी वेगळं बिल्ड काढायचं कशाला? प्रोटॉन आहे ना!

रात्रपाळी (धागाकर्ता)

आधी भूमिका सांगतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांची सोय होईल. एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळं नेटिव्ह बिल्ड, म्हणजे थेट लिनक्ससाठीच बांधलेली गेमची प्रत, काढायच्या फंदात पडू नये. विंडोजचं बिल्ड नीट करावं, ते प्रोटॉनवर चालतंय का बघावं आणि पुढच्या कामाला लागावं. मी स्वतः घरी लिनक्सच वापरतो, तेव्हा 'मायक्रोसॉफ्टचा दलाल' हा शिक्का राखून ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात भर घालून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि थेट स्टीममध्ये बसवलं. गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या भाषेत 'हे चित्र काढ' म्हणतो, प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके ते वल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत फिरवून ग्राफिक्स कार्डाला कळवतं. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं यंत्र आलं ते याच जोरावर.

स्टीमच्या दरमहाच्या हार्डवेअर पाहणीत लिनक्सचा वाटा वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता. २०२५ च्या अखेरीस तो तीन टक्क्यांच्या घरात गेला, आणि त्यात सगळ्यात मोठा एकगठ्ठा भाग स्टीमओएस या व्हॉल्व्हच्या लिनक्सचा, म्हणजे मुख्यतः डेकवाल्यांचा. ही वाढ नेटिव्ह गेम्समुळे झालेली नाही.

आता दुसरी बाजू. 'प्लॅनेटरी ॲनायहिलेशन' या गेमवर काम केलेल्या एका डेव्हलपरने जाहीरपणे सांगितलं होतं की विक्रीत लिनक्सचा हिस्सा ०.१ टक्का, पण क्रॅश रिपोर्ट आणि मदतीच्या तिकिटांत २० टक्क्यांहून जास्त. 'रॉकेट लीग'ने मार्च २०२० मध्ये मॅक आणि लिनक्स दोन्ही सोडलं, दोन्ही मिळून खेळणारे ०.३ टक्क्यांहूनही कमी म्हणून. या तर पगारी टीम असलेल्या कंपन्या. दिवसभर नोकरी करून रात्री कोड लिहिणाऱ्याने हे ओझं का घ्यावं?

आणि काम तरी कसलं? उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवर बांधलेलं बिल्ड जुन्या २०.०४ वर उघडायला जा, 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' (जीलिबसी म्हणजे प्रोग्रॅमना लागणारी लिनक्सची पायाभूत लायब्ररी) म्हणून खिडकीसुद्धा न उघडता बंद पडतं. पडद्यावर खिडक्या दाखवायला कोणाकडे एक्स११, कोणाकडे वेलँड. ज्याच्याकडे बिनसलं तो रात्री दोनला मेल टाकणार, वर आपली डिस्ट्रो (लिनक्सचा आपला प्रकार) कशी सर्वश्रेष्ठ आहे तेही लिहिणार. गेम राहतो बाजूला.

---

तळटीप

साफ असहमत. आकडे तुम्ही सोयीचे निवडलेत.

'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' बनवणाऱ्या डेव्हलपरने २०२१ मध्ये स्वतःचे आकडे मांडले होते. साधारण १२ हजार प्रती विकल्या, त्यातल्या ७०० च्या आसपास लिनक्सवाल्यांनी घेतल्या, म्हणजे ५.८ टक्के. बग रिपोर्ट आले १०४०, त्यातले सुमारे ४०० लिनक्सवाल्यांचे. इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बघा, मी काय म्हणत होतो! पण त्या ४०० पैकी फक्त लिनक्सवरच येणारे बग किती? तीन. बाकीचे सगळे विंडोजवरही होतेच, तिथले लोक वैतागून गेम बंद करत होते आणि गप्प बसत होते.

शिवाय रिपोर्टचा दर्जा बघा. 'गेम चालत नाही, पैसे परत द्या' हा एक रिपोर्ट. आणि 'दुसऱ्या टप्प्यात नकाशा उघडा, एस्केप दाबा, लगेच सेव्ह करा, की क्रॅश होतो, लॉग जोडला आहे' हा दुसरा. पैसे मोजूनही असा टेस्टर मिळत नाही.

'प्लॅनेटरी ॲनायहिलेशन' २०१४ चा गेम आहे. स्वतःचं इंजिन (गेमचा सांगाडा), ओपनजीएल ही जुनी चित्र काढायची भाषा, आणि त्या काळातले एएमडीचे बंदिस्त ड्रायव्हर! ज्यांनी ते वापरलेत त्यांच्या अंगावर आजही काटा येईल. आज एएमडी आणि इंटेलचे मुक्त ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीसोबतच येतात. इतक्या जुन्या ड्रायव्हरांचं खापर आजच्या लिनक्सवर कशाला फोडता?

जीलिबसीचं रडगाणं तर नकोच. व्हॉल्व्हने स्टीम रनटाइम, म्हणजे सगळ्या डिस्ट्रोंवर सारख्याच लायब्रऱ्या पुरवणारा संच, कशासाठी दिलंय? त्याच्या 'स्निपर' कंटेनरमध्ये (ठरावीक लायब्रऱ्यांच्या बंद डब्यात) बिल्ड बांधा, ते डेबियन ११ या डिस्ट्रोवर आधारलेलं आहे, झाला प्रश्न मिटला. गोडो हे तयार गेम इंजिन वापरत असाल तर तेवढंही नको, एक्स्पोर्टच्या यादीत लिनक्स निवडलं की काम झालं.

---

नुसता खेळाडू

मी गेम बनवत नाही, विकत घेतो. अनुभव एवढाच: एका छोट्या गेमचं नेटिव्ह बिल्ड विंडोजच्या मागे राहिलेलं. मित्राकडे नवा टप्पा आला, माझ्याकडे नाही, आणि त्याची सेव्ह फाइल माझ्याकडे उघडेना. शेवटी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन सक्तीने लावलं, मग सगळं सुरळीत. अर्धवट नेटिव्हपेक्षा नसलेलं बरं.

धागाकर्त्यांना +१.

---

आटपाट

इथे सगळे स्टीम म्हणजेच जग असं धरून बोलताय. इच या साइटवर फुकट किंवा शंभर-दीडशे रुपयांत छोटे गेम ठेवणाऱ्यांचं काय? तिथे प्रोटॉन आपोआप येत नाही. खेळणाऱ्याने वाइन हाताळणारं बॉटल्स किंवा लुट्रिस बसवायचं, वाइन जुळवायचं, मग तुमचा वीस मिनिटांचा गेम खेळायचा. कोण करेल?

त्याहून मोठी अडचण मशीनची आहे. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना वल्कन १.३ लागतं. इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सवाले जुने लॅपटॉप घरोघरी पडलेत, त्यांना ते झेपत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या मशीन्सना घेत नाही, म्हणून लोक त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकतायत. माझ्या पुतणीचा लॅपटॉप असाच. तिच्याकडे गोडोमध्ये कंपॅटिबिलिटी रेंडररवर (जुन्या मशीनवरही चित्र काढणाऱ्या भागावर) बनवलेले नेटिव्ह गेम मस्त चालतात, कारण त्याला ओपनजीएल ३.३ पुरतं. ज्याच्याकडे भारी कार्ड आहे त्याला तुमचं प्रोटॉन लखलाभ. साध्या टूडी गेमला वल्कनची अट कशाला?

तिसरं, एका कंपनीच्या मर्जीवर सगळा डोलारा. उद्या व्हॉल्व्हने हात काढून घेतला तर?

---

रात्रपाळी

@आटपाट, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, तो सोपा आहे. वाइन, डीएक्सव्हीके, प्रोटॉन सगळं मुक्त स्रोत आहे. व्हॉल्व्ह गेली तरी कोड राहणार. उलट नेटिव्ह बिल्ड बंद पडलं तर सोर्स माझ्याकडे, आणि मी कंटाळलो की खेळ खलास. दहा वर्षांपूर्वीचे कित्येक नेटिव्ह गेम आजच्या डिस्ट्रोवर धड उघडत नाहीत, त्याच गेमची विंडोज एक्सई वाइनवर बिनतक्रार चालते. लिनक्सवरचा सगळ्यात टिकाऊ पाया विंडोजचा निघाला, हे मलाही गिळायला जड जातं.

जुन्या लॅपटॉपवर वल्कन नसेल तर प्रोटॉनला डीएक्सव्हीके सोडून वाइनच्या स्वतःच्या ओपनजीएल मार्गाने न्यायची सोय आहे. हळू चालतं, पण टूडीला पुरतं.

@तळटीप, चारशे रिपोर्ट चांगले असतील, पण ते वाचायला, लावून बघायला वेळ माझाच जातो ना? तीनच बग लिनक्सचे होते हे कळायलासुद्धा चारशे वाचावे लागले. माझा मुद्दा विक्रीचा नाहीच. विकल्यानंतर उस्तवार कोणी करायची, हा आहे.

---

घाटमाथा

भांडण छान चाललंय, पण इतिहास कोणीच काढेना, म्हणून मी काढतो.

लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी १९९८ मध्ये निघाली, धंदा एकच, विंडोजचे गेम लिनक्सवर आणायचे. २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. रात्रपाळींना हा पुरावा वाटेल. पण तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी मागे राहिली. खिडकी उघडणं, आवाज, कीबोर्ड, गेमपॅड, हे सगळं प्रत्येक सिस्टिमवर एकाच पद्धतीने करून देणारी. ती आज विंडोजच्या गेम्समध्येही आहे आणि लँटिंगा पुढे व्हॉल्व्हमध्ये गेले. अल्पसंख्य प्लॅटफॉर्मसाठी केलेली मेहनत अशी भलतीकडे फळाला येते.

पैशाचंही सांगतो. मे २०१० मध्ये पहिलं हंबल इंडी बंडल, म्हणजे एकत्र विकलेला छोट्या गेम्सचा संच, आलं, 'वर्ल्ड ऑफ गू', 'अक्वेरिया', 'गिश' वगैरे. किंमत तुम्ही ठरवायची, तिन्ही सिस्टिमवर चालणार. सरासरी सगळ्यात जास्त पैसे लिनक्सवाल्यांनी दिले, विंडोजवाल्यांच्या दुपटीच्या जवळपास. 'लिनक्सवाले फुकटे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि नेटिव्ह म्हणजे नुसतं ओझं हेही खरं नाही. 'फॅक्टोरिओ' घ्या. लिनक्सवर त्यात सेव्ह चालू असताना खेळ थांबू नये अशी सेटिंग लावता येते, कारण तिथे प्रोसेसची प्रत काढायची सोय आहे. मूळ खेळ पुढे चालू राहतो, प्रत मागे बसून फाइल लिहिते. प्रचंड कारखाना उभारलेल्या माणसाला विचारा, दर पाच मिनिटांनी न अडकणं म्हणजे काय सुख असतं.

---

नाममात्र

मॅकचं काय? तिथे कोणी काही बोलेना.

---

रात्रपाळी

मॅकचा वेगळा धागा काढा राव. ॲपलला वर्षाला ९९ डॉलर, वर नोटरायझेशन, म्हणजे ॲपलकडून बिल्ड तपासून घेणं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे सगळे गेम एका फटक्यात गारद केले. ते इथे सुरू झालं तर दोनशे प्रतिसाद होतील.

---

बोळातला

एक मुद्दा मराठीत गेम करणाऱ्यांसाठी, थोडा अवांतर. मी शब्दकोड्यांचा छोटा गेम करतोय. गोडो ३ मध्ये 'किल्ला' लिहिलं की वेलांटी क च्या मागच्या बाजूला जाऊन बसायची आणि ल्ल फुटायचा. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ ने तो त्रास संपवला. आता इंजिन स्वतःच अक्षरं जुळवतं, सगळ्या सिस्टिमवर सारखीच दिसतात.

पण ज्यांचं इंजिन सिस्टिमच्या फॉन्टवर विसंबून आहे त्यांनी नुसतं विंडोजवर बघून समाधान मानू नये. तिथे देवनागरी दाखवणारा निर्मला फॉन्ट असतो, प्रोटॉनमध्ये नसतो. फॉन्ट गेमसोबतच द्या. हे प्रोटॉनवाल्यांनाही लागू आहे, 'आपोआप चालतं' म्हणून निर्धास्त राहू नका. कटसीनच्या व्हिडिओचंही तेच. कोडेकच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या तंत्राच्या) पेटंटच्या भानगडीमुळे काही गेम्समध्ये व्हिडिओच्या जागी टीव्हीवर दिसायचे तसे रंगीत पट्टे येतात.

---

तळटीप

@बोळातला, नेमकं. प्रोटॉनवरही तपासावं लागतंच. मग तपासायला लिनक्सचं मशीन मांडून बसलातच, तर नेटिव्ह बिल्ड तिथेच चालवून बघा की! पहिल्याच दिवशी काय सापडतं सांगू? फोल्डरमध्ये 'हीरो' फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोज गुमान चालवून घेतं, लिनक्स म्हणतं अशी फाइलच नाही. अर्ध्या तासात स्क्रिप्ट लिहून सगळी नावं स्मॉल करून टाका, परत कधी त्रास नाही.

---

रात्रपाळी

पहिल्या दिवशीचं काम अर्ध्या तासाचं, मान्य. मी तिसऱ्या वर्षाबद्दल बोलतोय. गेम विकून झालाय, तुम्ही दुसऱ्या गेमवर आहात, आणि कोणाची तरी डिस्ट्रो अपडेट होऊन आवाज गेलाय. तेव्हा मेलला उत्तर कोण देणार?

---

तळटीप

त्या मेलला एका ओळीचं उत्तर आहे: 'प्रोटॉन लावून बघा.' तुमचाच उपाय. नेटिव्ह ठेवलं म्हणून तो दरवाजा बंद होत नाही.

---

आटपाट

वाद तुमचा तुम्ही मिटवा, मला एक सांगा. स्निपरमध्ये बांधलेलं बिल्ड इचवर तसंच टाकलं तर चालेल का? तिथे रनटाइम कुठून येणार?

---

तळटीप

चालायला हरकत नाही. स्निपरमधलं जीलिबसी २.३१ आहे, म्हणजे उबुंटू २०.०४ आणि त्यापुढचं सगळं आलं. फक्त एसडीएल आणि बाकी ज्या लायब्रऱ्या लागतात त्या झिपमध्ये गेमशेजारीच ठेवा, समोरच्याकडे असतील असं धरू नका. आणि टाकण्याआधी त्या मिंटवाल्या लॅपटॉपवर एकदा उघडून बघा.